काविळीची सुई आणि दीड एकर वावर

जेवणं उरकली असतील तर बरंच आहे, नसतील तर रेडिओ चुलीपाशी न्या. आज आम्ही चौघी बोलायला बसलोय. कागद एकच आहे म्हणून आवाज एकीचा येईल, पण बोलणं चौघींचं आहे आणि त्यासाठी एसटीचं तिकीटही चौघींनी काढलंय.

मागच्या महिन्यात आपल्या प्रश्नपेटीत कंधार तालुक्यातून एक चिठ्ठी आली. नाव-गाव सांगत नाही, मजकूर तेवढा वाचतो. “ताई, माझ्या धाकट्या दिराने गणपतीत रक्त दिलं होतं. रक्तपेढीतून फोन आला, बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या रक्तात सी काविळीची खूण निघाली. दिराला काही त्रास नाही, ट्रॅक्टर चालवतो, भाकरी खातो. पण आमच्या चुलत सासऱ्यांना हाच आजार होता. त्यांना वर्षभर इंटरफेरॉन नावाची सुई दिली. दोन एकर वावर गेलं आणि माणूसही गेला. आता आमच्या घरचं दीड एकर राहिलंय. सासूबाई म्हणतात विकू, लेकराचा जीव मोठा आहे. दीर म्हणतो मला काही होत नाही, विकू नका आणि मला दवाखान्यातही नेऊ नका. मी काय म्हणू?”

ही चिठ्ठी वाचून आम्ही गप्प बसलो. खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणालाच इंटरफेरॉन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एकीला वाटलं ते ताकदीचं इंजेक्शन असेल. दुसरीने कोरोनात नाव ऐकलं होतं. मग ठरवलं की आधी त्या चुलत सासूबाईंना भेटायचं, मग नांदेडला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना विचारायचं आणि नंतरच बोलायचं.

चुलत सासूबाई देगलूरकडे राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणालो. मावशींनी चहा टाकला आणि फळीवरून एक जुना थर्मास काढून समोर ठेवला. निळा, झाकणाला चीर गेलेला. म्हणाल्या, “हे बघा बाई, ह्याच्यात सुई यायची हैदराबादहून.” साल होतं २००९. आठवड्याला एक सुई, पोटाच्या कातडीखाली, ४८ आठवडे. त्याच्यासोबत रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. ही सुई थंडच ठेवावी लागते, गोठू द्यायची नाही आणि तापू द्यायची नाही. मावशींच्या घरी फ्रिज नव्हता. किराणा दुकानदाराच्या फ्रिजमध्ये, थंड पेयांच्या बाटल्यांमागे, महिन्याच्या चार सुया एका डब्यात ठेवायच्या. तेव्हाचं भारनियमन तुम्हाला आठवत असेल, दहा-दहा तास वीज नाही. वीज गेली की मावशी बर्फ शोधत फिरायच्या. लग्नसराईत बर्फ मिळायचा, एरवी बसने देगलूर.

सुई शुक्रवारी दिली जायची, कारण शनिवारी माणूस उठायचा नाही. सुई दिल्यावर चार-पाच तासांनी हुडहुडी भरायची. चार वाकळा टाकल्या तरी दात वाजायचे. अंग असं मोडून यायचं की हात लावू द्यायचे नाहीत. जेवण उतरायचं नाही, केस गळाले, वजन घटलं. आणि मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “गडी माणूस भिंतीकडं तोंड करून रडायचा. आम्हाला वाटलं बाहेरचं काही लागलं. मी अंगारा आणला, उतारा टाकला.” हे आम्ही नंतर नांदेडला डॉक्टर मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मन खचणं, उदास होणं, काही वेळा जीव द्यावासा वाटणं हा त्या औषधाचाच त्रास आहे, तो माहीत असलेला त्रास आहे. हे मावशींना तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तर अंगाऱ्याला पैसे गेले नसते, आणि त्या माणसाला आपण वेडे होतोय असंही वाटलं नसतं.

वर्ष संपलं. तपासणीत विषाणू दिसला नाही. घरात पेढे वाटले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर तो परत आला होता. पुढे पोटात पाणी झालं आणि चार वर्षांत ते गेले. वावर त्याआधीच गेलं होतं.

आता ही सुई काय होती ते सांगतो. आम्हाला जेवढं समजलं तेवढंच, आमच्या भाषेत.

इंटरफेरॉन हे बाहेरचं औषध नाहीच. ते आपलं शरीरच तयार करतं. तुमचं, आमचं, गोठ्यातल्या म्हशीचं आणि खुराड्यातल्या कोंबडीचंसुद्धा. कडब्याच्या गंजीला आग लागली तर काय होतं? ज्याची गंजी पेटली त्याची जाते, पण तो बोंब मारतो. बोंब ऐकून शेजारचे आपापल्या गंजीवर पाणी टाकतात, मधली वाळकी पाचोळी ओढून काढतात, म्हणजे आग पुढे सरकत नाही. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. एका पेशीत विषाणू शिरला की ती पेशी बहुतेक वेळा वाचत नाही, पण जाता जाता ती बोंब मारते. ती बोंब म्हणजे इंटरफेरॉन. ते शेजारच्या पेशींना जाऊन लागतं आणि त्या पेशी आपली तयारी करतात. विषाणू शिरलाच तर त्याला आत वाढायला सामान मिळू देत नाहीत, त्याची नक्कल तोडून टाकतात. म्हणजे इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही, ते गावाला जागं करतं.

हे १९५७ साली लंडनमध्ये सापडलं. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान अशा दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यावर उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा विषाणू ठेवला. मग त्याच पाण्यात ताजे तुकडे टाकून त्यावर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. विषाणूच्या मध्ये पडणारं, त्याला आडवं येणारं म्हणून त्याचं नाव इंटरफेरॉन ठेवलं.

डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार आवडली. फ्लू आला की अंग मोडून येतं, थंडी वाजते, काही नको वाटतं. आपण म्हणतो रोगाने पाडलं. पण त्यातला बराच त्रास आपल्याच बोंबेचा असतो, इंटरफेरॉन आणि त्याच्या सोबत्यांचा. म्हणूनच तीच गोष्ट सुईतून भरपूर दिली की माणसाला दर आठवड्याला फ्लू झाल्यासारखं होतं. मावशींच्या घरी वर्षभर दर शुक्रवारी तेच चाललं होतं.

मग ही सुई एवढी महाग का होती? सुरुवातीला ती माणसाच्या रक्तातूनच काढावी लागे. फिनलंड देशात कारी कांटेल नावाच्या शास्त्रज्ञाने रक्तपेढ्यांत आलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेऊन हे काम वर्षानुवर्षं केलं. हजारो लोकांच्या रक्तातून चिमूटभर मिळायचं. १९७८ साली अमेरिकेतल्या कॅन्सर सोसायटीने दीडशे रुग्णांवर ते वापरून बघायला २० लाख डॉलर काढून ठेवले होते. मग १९८० च्या सुमारास चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने माणसाच्या पेशीतला इंटरफेरॉनचा नमुना जिवाणूत बसवला. विरजण लावल्यासारखं ते जिवाणू टाकीत वाढवायचे आणि इंटरफेरॉन काढायचं. तेव्हापासून ते मुबलक झालं, पण स्वस्त झालं नाही.

स्वस्ताईची गोष्ट आपल्या शेजारची आहे. हैदराबाद आपल्याला परकं नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. अजूनही देगलूर, बिलोली, धर्माबादकडचा माणूस मोठ्या आजाराला हैदराबादच गाठतो. तिथे के. आय. वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ साली शांता बायोटेक्निक्स नावाची कंपनी काढली. १९९७ साली त्यांनी बी काविळीची लस देशात पहिल्यांदा बनवली आणि बाहेरून येणाऱ्या लसीपेक्षा खूपच कमी किमतीला विकली. पुढे त्यांनी इंटरफेरॉनही बनवलं. तरीही पूर्ण वर्षाचा कोर्स, तपासण्या, जाणं-येणं धरून शेतकऱ्याच्या घराला तो झेपत नव्हता. आणि एवढं करून सी कावीळ किती जणांची जायची? विषाणूच्या जातीप्रमाणे शंभरात चाळीस-पन्नासपासून सत्तर-ऐंशीपर्यंत. मावशींचा माणूस उरलेल्यांत निघाला.

कॅन्सरचं काय, हेही आम्ही विचारलं. कारण आमच्याच गटात एकीने व्हॉट्सॲपवर वाचलं होतं की इंटरफेरॉन हा कॅन्सरवर रामबाण आहे. ही बोंब जुनीच आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकाने इंटरफेरॉनचं मुखपृष्ठ छापलं होतं, सगळ्या जगाला वाटलं कॅन्सर संपला. तसं झालं नाही. स्तनाच्या, गर्भपिशवीच्या तोंडाच्या, तोंडाच्या कॅन्सरवर, म्हणजे आपल्याकडे जे कॅन्सर जास्त दिसतात त्यांवर, त्याचा तसा उपयोग झाला नाही. पण काही ठिकाणी ते खरंच कामाला आलं. रक्ताच्या कॅन्सरची एक दुर्मिळ जात आहे, तिच्यात पेशींना केसासारखे तंतू दिसतात. तिच्यावर १९८६ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रक्ताच्या आणखी एका कॅन्सरवर, ज्याला डॉक्टर सीएमएल म्हणतात, बरीच वर्षं इंटरफेरॉन हाच आधार होता. २००१ मध्ये इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि तिथली सुई मागे पडली. कातडीच्या एका वाईट कॅन्सरवर आणि किडनीच्या कॅन्सरवरही ते वापरलं गेलं. तेव्हा कुणी तुमच्या घरच्या पेशंटला कॅन्सरसाठी इंटरफेरॉन सांगितलं तर एवढंच विचारा की डॉक्टर, कोणत्या जातीचा कॅन्सर आहे आणि आता ह्यावर गोळी आहे का. हे विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

कॅन्सरशी इंटरफेरॉनचं खरं नातं दुसरीकडूनच आहे. बी आणि सी हे दोन्ही विषाणू लिव्हरमध्ये वीस-तीस वर्षं गुपचूप बसतात. लिव्हर हळूहळू कडक होतं, पुढे काहींना लिव्हरचा कॅन्सर होतो. विषाणू वेळेत घालवला किंवा दाबून ठेवला तर कॅन्सरचा धोका बराच कमी होतो. म्हणून बी काविळीची लस ही कॅन्सरपासून वाचवणारीही लस आहे. आपण लेकराला ती टोचून आणतो तेव्हा हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आता कंधारच्या ताई, तुमचं उत्तर.

२०१३ साली अमेरिकेत सोफोसबुविर नावाची गोळी आली. सी काविळीच्या विषाणूची नक्कल करण्याची जी यंत्रणा असते तिलाच ही गोळी बंद पाडते. तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर लावली होती, बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. त्या पैशात आपल्याकडे किती वावर येईल ते तुम्हीच काढा. २०१४ मध्ये भारतातल्या काही कंपन्यांना ही गोळी बनवायचा परवाना मिळाला आणि मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्याच नॅट्को कंपनीने २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आणली. पुढे भाव आणखी उतरले. आणि २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी काविळीची तपासणी फुकट, औषध फुकट.

फुकट म्हटल्यावर आमच्यातल्या एकीला शंका आलीच. फुकटाचं म्हणजे हलकं असणार. तर तसं नाही. सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या रोज तोंडाने घ्यायच्या, बहुतेकांना बारा आठवडे. लिव्हर फार खराब झालं असेल तर गोळीची जोडी बदलते, मुदत वाढते. शंभरातले पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त जण बरे होतात. बर्फ नको, थर्मास नको, शुक्रवारची हुडहुडी नको. सी काविळीसाठी आता इंटरफेरॉनची सुई लागतच नाही.

तेव्हा ताई, सासूबाईंना म्हणा, “आत्याबाई, वावराचा विषय काढू नका. आधी दवाखान्यात जाऊ.” आणि दिराला म्हणा, “भावजी, वावर विकायचं नाही हे ठरलं. आता तुम्ही तपासायला चला.” दोघांचंही म्हणणं राहील.

आणखी एक महत्त्वाचं. रक्तपेढीत निघाली ती फक्त खूण आहे. विषाणू कधीतरी येऊन गेला एवढंच ती सांगते. शंभरातल्या तीसेक जणांचं शरीर सी काविळीला आपोआप घालवून देतं, औषधाशिवाय. ती आतली बोंब वेळेत पोचलेली असते. म्हणून दुसरी तपासणी लागते, विषाणू आत्ता रक्तात आहे का आणि किती आहे ते मोजणारी. ती झाल्याशिवाय रडायचंही नाही आणि कुणी सांगितलं म्हणून एक रुपयाचं औषधही विकत घ्यायचं नाही. नांदेडकडच्या बायांनी विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी, लातूरकडच्यांनी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात. तिथे जाऊन “काविळीच्या बी-सी कार्यक्रमाची खिडकी कुठं आहे” असंच विचारा. नुसतं कावीळ म्हटलं तर दोन रांगा जास्त लागतात, हा आमचा अनुभव आहे. सकाळी लवकर जा, आधार कार्ड आणि आधीचे सगळे कागद न्या, आणि सोबत वाचणारं एक माणूस ठेवा.

बी काविळीचं जरा वेगळं आहे. तिला मुळापासून घालवणारी गोळी अजून नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर नावाची रोजची गोळी विषाणूला दाबून ठेवते, ती बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते आणि मनाने बंद करायची नसते. सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. कितीतरी जणांना नुसतं सहा-सहा महिन्यांनी तपासून बघायचं असतं. इथे काही निवडक पेशंटना इंटरफेरॉनची सुई अजूनही देतात, आठवड्यातून एक, ४८ आठवडे. कुणाला द्यायची ते लिव्हरच्या डॉक्टरांनी तपासण्या बघून ठरवायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. भारतात बी काविळीचे सुमारे तीन कोटी लोक, सी काविळीचे सुमारे ५५ लाख. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला आहे हे ठाऊकच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, मग कळणार कसं?

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्यातल्या एकीच्या लेकाला उन्हाळ्यात कावीळ झाली तेव्हा आम्हीच त्याला माळ घालायला नेलं. मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवतात, ती दिवसेंदिवस वाढते आणि गळ्यात येते, म्हणजे कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तेही बघितलं. पोरगं तीन आठवड्यांत बरं झालं, आम्ही नारळ दिला. आता कळलं की घाण पाण्यातून होणारी कावीळ, ए आणि ई, बहुतेकांची आपोआपच बरी होते. माळेच्या गाठी सैल असतात म्हणून ती लांबते, आणि हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लागला असेल तर चुन्याचं पाणी पिवळं होणारच. माळवाल्याचा राग नाही आमचा. पण बी आणि सी काविळीला माळ घातली तर लिव्हर आतून जात राहतं. आणि गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर माळ, डाग, नाकात थेंब, काही काही करू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना. ई कावीळ पोटुशी बाईला, तेही शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतते.

बी आणि सी रक्तातून पसरतात. न उकळलेली, दोनदा वापरलेली सुई, न्हाव्याचं एकच पातं, जत्रेतलं गोंदण. माळेगावची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वराची, गोंदणारा सुई बदलतो का ते बघा, शाई नवी ओततो का ते बघा, नाहीतर टिकली लावा आणि घरी या. आणि आपली एक सवय आहे, सुई दिल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. साध्या सर्दीला सुई मागू नका. मागितलीच तर पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा. बी कावीळ नवरा-बायकोच्या संबंधातून आणि आईकडून बाळंतपणात लेकरालाही जाते. एका ताटात जेवल्याने, पाणी प्याल्याने, लेकराला कुरवाळल्याने यातलं काहीही होत नाही. कुणाची ताटवाटी वेगळी काढली असेल तर आजच परत मांडणीत ठेवा.

जन्मताना बी काविळीची लागण झाली तर शंभर लेकरांतल्या नव्वदांच्या अंगात ती राहूनच जाते. मोठ्या माणसाला झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी जणांत राहते. म्हणून गरोदरपणात रक्त तपासताना बी काविळीची तपासणी झाली का, हे आशाताईला विचारा. बाळ झाल्यावर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. आईला बी कावीळ असेल तर बाळाला बारा तासांच्या आत आणखी एक इंजेक्शन मिळतं, आणि विषाणू जास्त असेल तर आईला शेवटच्या तीन महिन्यांत गोळी देतात. दूध पाजायला काही हरकत नाही. घरी बाळंतपण झालं तर हे पहिले २४ तास हातचे जातात. सुईणबाई कितीही हुशार असली तरी लस तिच्या पदराला बांधलेली नसते.

कोरोनाचं राहिलं. मार्च २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली होती, माणसं रेमडेसिविरसाठी रात्र रात्र फिरत होती. त्यातच २३ एप्रिलला झायडस कंपनीच्या इंटरफेरॉन सुईला, विराफिनला, मध्यम आजारी मोठ्या माणसांसाठी तातडीची परवानगी मिळाली. लगेच गावोगावी तिचीही शोधाशोध सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने इंटरफेरॉनची दुसरी एक जात दवाखान्यात भरती झालेल्या पेशंटवर वापरून पाहिली होती, तिने मरणं कमी झाली नव्हती. सगळ्या गंज्या पेटल्यावर बोंब मारून काय होणार? पण त्याच काळात शास्त्रज्ञांना असंही दिसलं की जिवावर बेतलेल्या पेशंटपैकी शंभरातल्या दहा जणांचं शरीर आपल्याच इंटरफेरॉनला अडवत होतं. त्यांची बोंब शेजारी पोचतच नव्हती. एकाच घरात एक जण खोकून उठला आणि एक गेला, असं का झालं, याचं थोडं उत्तर त्यात आहे. आमच्यातल्या एकीला हे ऐकून बरं वाटलं. तिला इतके दिवस वाटत होतं की आपण काढा वेळेवर दिला नाही म्हणून माणूस गेला.

नांदेडच्या त्या खेपेत आम्ही चौघींनीही रक्त दिलं तपासायला. सांगायला जायचं आणि स्वतः तपासायचं नाही, हे बरं दिसेना. तिघींचं काही निघालं नाही. एकीची बी कावीळ निघाली. कोणाची ते सांगणार नाही, चौघींपैकी एकीची. तिच्या लिव्हरची आणि विषाणू मोजायची तपासणी झाली आहे, सध्या गोळी लागत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. ती रोज कामाला जाते, गटाच्या बैठकीला येते, आमच्यासोबत एका ताटात जेवते. तिच्या मालकांची आणि लेकरांची तपासणी झाली. कुणालाही लागण नाही. मालकांचे लसीचे डोस सुरू झालेत. पहिल्या दिवशी ते चिडले, कुठून आणलं म्हणाले. डॉक्टर मॅडमनी समजावलं की ही बहुतेक हिच्या जन्मापासूनच असेल, तेव्हा लसच नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच मोटरसायकल काढून उभे राहिले.

कंधारच्या ताईंचा परवा फोन आला. दीर गेला होता, रक्त देऊन आला. मोजणीचा कागद अजून यायचाय. सासूबाईंनी वावराची कागदपत्रं परत ट्रंकेत टाकली आहेत.

येत्या मंगळवारी आम्ही पुन्हा नांदेडला चाललोय, सकाळी सातच्या एसटीने. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी आपापल्या आशाताईकडे नाव द्या. भाकरी बांधून आणा, दुपार होते.